धोटा आणि ठोसा

यंत्रमागाच्या कारखान्याच्या भिंतीला लागून राहणाऱ्या भिवंडीकराला दोन सवयी लागतात. एक, ओरडून बोलायची; दुसरी, समोरच्याच्या ओठांकडे पाहून अर्धे वाक्य ओळखायची. माग चालू असताना हातभर अंतरावरचा माणूसही ऐकू येत नाही. धामणकर नाक्याच्या मागच्या अंगाला अशाच एका कारखान्याला चिकटून पत्र्याची एक खोली होती. १९८३ साली तिथे रोज संध्याकाळी दहा-बारा पोरे मुष्टियुद्ध शिकायला जमत. शिकवणारे गृहस्थ फौजेतून निवृत्त झालेले. पोरे त्यांना उस्ताद म्हणत. त्या गोंगाटात शब्दांचा फारसा उपयोग नव्हता, म्हणून उस्ताद बरेचसे हातानेच शिकवत. खांद्याला बोट टोचायचे, कोपर आत ढकलायचे, टाच जमिनीला टेकली असेल तर स्वतःच्या पायाने पोराचा पाय हलवायचे.

एका संध्याकाळी त्यांनी एका पोराला रिंगमधून बाहेर काढले. रिंग कसली, जमिनीवर चुन्याने आखलेला चौकोन. त्याचे मनगट धरून त्याला शेजारच्या कारखान्यात नेले आणि चालू मागासमोर उभे केले. धोटा डावीकडून उजवीकडे जात होता, परत येत होता. मिनिटाला शंभरावर फेऱ्या, आणि प्रत्येक फेरीला तो आपल्या जागी हजर.

‘‘बघ,’’ उस्ताद कानाशी ओरडले. ‘‘गेला आणि आला. तुझा हात जातो अन् तिथंच मुक्काम करतो.’’

पोराला त्या दिवशी जॅब कळला. डाव्या हाताचा हा सरळ ठोसा लागला की नाही, यापेक्षा तो हनुवटीपाशी किती लवकर परत आला, यावर पुढचे सगळे अवलंबून असते. पुढच्या पानांचा लेखक म्हणजे तोच पोरगा. आज त्याने पन्नाशी ओलांडली आहे. तो कधी राष्ट्रीय स्पर्धेपर्यंत पोचला नाही. जिल्ह्याच्या पातळीवर चार लढती जिंकला, तीन हरला, आणि घरच्या मागांवर पाळी करू लागल्यावर ग्लोव्हज सुटले. आता त्याची तेरा वर्षांची पुतणी बॉक्सिंग शिकते, आणि हॉलच्या कडेला बाकावर बसून तिचा सराव पाहताना त्याला जे प्रश्न पडले त्यांतून हे लेखन झाले आहे.

पहिला प्रश्न पुतणीनेच विचारला होता. मोबाइलवर सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वीची छायाचित्रे पाहताना ती म्हणाली, ‘‘काका, हे लोक हात एवढे खाली का धरतात? यांना कोणी शिकवलंच नव्हतं का?’’

जुने मुष्टियोद्धे श्रेष्ठ की आजचे, हा वाद जगभर चालतो. तो बहुधा नावांवर चालतो: अमका आज असता तर तमक्याला झोपवला असता. हे लेखन त्या वाटेने जात नाही. लेखकाचे म्हणणे साधे आहे. ठोसा कसा मारायचा हे मारणारा एकटा ठरवत नाही. हातावर काय चढवले आहे, लढत किती वेळ चालणार आहे आणि गुण कोण कसे मोजणार आहे, यावर ते ठरते. यांतले एक बदलले की दहा-पंधरा वर्षांत सगळ्यांचे हात बदलतात.

मराठी वाचकाला हे नवे वाटू नये. खाशाबा जाधव १९४८ च्या लंडन ऑलिंपिकला गेले तेव्हा अंगात मातीतली कुस्ती होती आणि पायाखाली मॅट आली, नियमही परके. सहावा क्रमांक मिळाला. चार वर्षांनी हेलसिंकीला त्यांनी कांस्यपदक आणले. मधल्या काळात गोळेश्वरच्या या पैलवानाची ताकद काही दुप्पट झाली नव्हती. मॅटवर काय चालते आणि काय चालत नाही, हे त्यांनी अंगात मुरवले होते. मुष्टियुद्धाची गोष्ट अशीच आहे, फक्त तिथे जमिनीऐवजी हातमोजा बदलला.

आपल्याकडे मूठ जुनी आहे. कंसाच्या आखाड्यातल्या दोन मल्लांपैकी एकाचे नावच मुष्टिक होते आणि त्याला बलरामाने मारले, हे कीर्तनाला बसणाऱ्या कुणालाही माहीत असते. बडोद्याला गायकवाडांच्या दरबारात एकोणिसाव्या शतकातही मुठीत शिंगाची नखे बांधून लढती होत, आणि फ्रेंच प्रवासी लुई रूसले याने त्या पाहून लिहून ठेवल्या. त्याच बडोद्याहून पुढे द. चिं. मुजुमदारांनी दहा खंडांचा ‘व्यायाम ज्ञानकोश’ मराठीत काढला. तरीही महाराष्ट्राच्या गावोगावी रुजली ती कुस्ती. भिवंडी, कल्याण, पनवेलच्या आगरी पट्ट्यात जत्रा म्हटली की कुस्त्यांचा फड आलाच. ग्लोव्हज घालून, दोऱ्यांच्या आत लढायचे मुष्टियुद्ध मात्र बोटीने आले आणि छावण्या, रेल्वे, पोलीस, गोदी अशा वाटांनी पसरले.

मुंबईत १९२५ साली बॉम्बे प्रेसिडेन्सी अमॅच्युअर बॉक्सिंग फेडरेशन स्थापन झाले. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये भारताचे मुष्टियोद्धे पहिल्यांदा उतरले. १९४९ मध्ये देशपातळीवरची संघटना उभी राहिली आणि १९५० ची पहिली राष्ट्रीय स्पर्धा मुंबईच्या ब्रेबॉर्न स्टेडियमवर झाली. भिवंडीहून ब्रेबॉर्न म्हणजे एसटीने ठाणे किंवा कल्याण आणि पुढे लोकल, इतकेच अंतर; पण खेळ मुंबईतून खाडी ओलांडून मागांच्या गावात यायला आणखी तीन दशके गेली.

आता पुतणीच्या प्रश्नाकडे. हात खाली का?

कारण त्या लोकांच्या हातावर काही नव्हते. लंडन प्राइझ रिंगच्या नियमांनुसार लढत उघड्या मुठींची असे. कोणी खाली पडला की फेरी संपली. मग तीस सेकंदांची विश्रांती. कमरेच्या वर धरून प्रतिस्पर्ध्याला आपटण्याची मुभा होती. कवटीचे हाड बोटांच्या हाडांपेक्षा कितीतरी टणक, त्यामुळे कपाळावर मारलेला ठोसा मारणाऱ्याचाच हात मोडायचा. शहाणा लढवय्या म्हणून बरगड्या, पोट आणि जबड्याची कड शोधायचा. अंग मागे झुकलेले, हात पुढे आणि खाली: समोरचा धरायला आला तर त्याला अडवायला तेच सोयीचे. ८ जुलै १८८९ रोजी मिसिसिपीच्या रणरणत्या उन्हात जॉन एल. सलिव्हन आणि जेक किलरेन असे लढले. ७५ फेऱ्या झाल्या, दोन तासांहून अधिक वेळ गेला, आणि शेवटी किलरेनच्या माणसांनी स्पंज फेकून हार मानली. हेवीवेटच्या किताबासाठी उघड्या मुठींनी झालेली ही शेवटची लढत.

तीनच वर्षांनी, १८९२ मध्ये, तोच सलिव्हन न्यू ऑर्लिन्सला ग्लोव्हज घालून जेम्स कॉर्बेटसमोर उभा राहिला. कॉर्बेट सॅन फ्रान्सिस्कोच्या एका बँकेतला माजी कारकून. क्वीन्सबेरीच्या नावाने ओळखले जाणारे नियम १८६७ सालीच आले होते: तीन मिनिटांची फेरी, एक मिनिटाची विश्रांती, धरून आपटणे बंद, पडलेल्याला दहा अंकांची मुदत. या नव्या मांडणीत पाय चालवणाऱ्याला राज्य मिळाले. कॉर्बेट सरकत राहिला, सलिव्हन हवेत मारत राहिला आणि एकविसाव्या फेरीत कोसळला. तेव्हापासून हात हळूहळू वर चढले. ग्लोव्हज आल्यामुळे हात वाचला, आणि हात वाचल्यामुळे डोक्यावर मारणे परवडू लागले. डोके वाचवायचे तर मुठी हनुवटीपाशी हव्यात. पुतणीला तिचा प्रशिक्षक जे ‘‘गार्ड वर!’’ म्हणून ओरडतो, त्याचे मूळ इथे आहे.

जुन्या चित्रफितींनी आणखी एक घोटाळा केला आहे. मूकपटाच्या काळात कॅमेरा हाताने फिरवला जाई आणि सेकंदाला चित्रे कमी टिपली जात. तीच फीत नंतरच्या वेगाने दाखवली की माणसे कळसूत्री बाहुल्यांसारखी टुणटुण उडताना दिसतात. अशा फितीवरून त्या काळच्या लढवय्यांना अडाणी ठरवणे म्हणजे जुन्या तबकडीवर आवाज चिरका आला म्हणून गायकाला बेसूर म्हणण्यासारखे आहे.

मग जुन्यांकडे असे काय होते जे आज दिसत नाही? पहिले उत्तर आकड्यांत आहे. शुगर रे रॉबिन्सन १९४० ते १९६५ या काळात सुमारे दोनशे व्यावसायिक लढती लढला. विली पेपने २२९ जिंकल्या. आपल्या पिढीचा सर्वांत चतुर म्हणवला गेलेला फ्लॉइड मेवेदर ५० लढतींनंतर थांबला. पेपसारख्याला महिन्यातून दोन-तीनदा रिंगमध्ये उतरावे लागे; कधी नाक फुटलेले, कधी झोप न झालेली. समोर आज उंच माणूस, पुढच्या आठवड्यात डावखुरा, त्यानंतर डोके घुसवणारा. अंगाला अंग भिडवून लढायची कला अशा गर्दीतच मुरते: खांद्याने जागा करणे, कोपराच्या आतून अपरकट काढणे, डोळ्याने एकीकडे पाहून दुसरीकडे मारणे.

पण आकड्यांची दुसरी बाजूही आहे. युक्रेनचा व्हॅसिली लोमाचेन्को व्यावसायिक होण्याआधी हौशी रिंगणात ३९७ लढती लढला आणि फक्त एक हरला. दोन ऑलिंपिक सुवर्णे त्यात आली. त्याच्या वडिलांनी लहानपणी त्याला बॉक्सिंग थांबवून नाच शिकायला पाठवले होते, आणि ते पाय आज जगभरातली पोरे मोबाइलवर पाहून गिरवतात. म्हणजे हजारो फेऱ्यांची घोटाई गेली नाही. ती व्यावसायिक रिंगमधून हौशी रिंगमध्ये सरकली. तिथले नियम वेगळे, म्हणून घोटून निघालेला हातही वेगळा.

हे नियम कसे हात घडवतात याचे सर्वांत ठसठशीत उदाहरण गुणमोजणीचे आहे.

सोल ऑलिंपिक, १९८८. अमेरिकेचा रॉय जोन्स अंतिम लढतीत यजमान देशाच्या पार्क सी-हुनवर तुटून पडला. मोजणाऱ्यांनी नंतर सांगितले, जोन्सचे ८६ ठोसे लागले, पार्कचे ३२. निकाल ३–२ ने पार्कच्या बाजूने. या निकालाने हौशी मुष्टियुद्धाची लाज गेली आणि १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकपासून यंत्र आले. मराठीत या शब्दाने गंमतच केली आहे: ठोसा म्हणजे पंच, निकाल देणारा पंच आणि पाच या अर्थानेही पंच. आता रिंगभोवती पाच पंच बटणे घेऊन पंच मोजायला बसले. पाचांपैकी तिघांनी एका सेकंदाच्या आत बटण दाबले तरच गुण.

परिणाम काय झाला? तीन माणसांना एकाच क्षणी स्पष्ट दिसेल असाच ठोसा कामाचा उरला. लांबून मारलेला सरळ, डोक्यावर लागणारा, एकेकटा. बरगडीत बसलेला हूक दोघांना दिसायचा आणि तिसऱ्याच्या नजरेआड राहायचा, गेला वाया. चार ठोशांची जलद माळ लावली तरी यंत्र त्यांतला एखादाच पकडायचे. जगभरच्या प्रशिक्षकांनी हिशोब ओळखला. मारा, सटका, पुन्हा उभे राहा. १९९० मध्ये क्यूबाहून आलेले ब्लास इग्लेसियस फर्नांडेझ आणि राष्ट्रीय प्रशिक्षक गुरबक्षसिंग संधू यांच्या हाताखाली भारतीय मुलांनी याच चौकटीत पाय आणि अंतर यांचे गणित पक्के केले. २००८ ला बीजिंगमध्ये विजेंदर सिंग उपांत्यपूर्व लढत ९–४ अशी जिंकला आणि भारताला मुष्टियुद्धातले पहिले ऑलिंपिक पदक निश्चित झाले. २०१२ ला लंडनमध्ये मेरी कोम १५–६ ने जिंकून उपांत्य फेरीत पोचली. हे आकडे म्हणजे मोजलेले ठोसे.

आता टोकियो ऑलिंपिकमधला लव्हलिना बोरगोहेनचा आकडा पाहा: ४–१. हे ठोसे नव्हेत. पाच पंचांपैकी चौघांनी तिला वरचढ ठरवले, एवढाच त्याचा अर्थ. २०१३ नंतर बटणे गेली आणि प्रत्येक फेरीत सरस ठरणाऱ्याला १० गुण देण्याची पद्धत आली. त्यामुळे दाब टाकणे, पुढे चालून जाणे, शरीरावर मारणे यांना पुन्हा भाव आला. मेरी आणि लव्हलिना यांच्या या लढतींत नऊ वर्षांचे अंतर, पण दोघी दोन वेगळ्या परीक्षांना बसल्या होत्या. लेखकाने यावर एक पूर्ण प्रकरण खर्ची घातले आहे आणि ते योग्यच केले.

या मोठ्या घडामोडींचे पडसाद भिवंडीच्या पत्र्याच्या खोलीत कसे उमटले, ते वाचणे हा या लेखनातला खरा आनंद. उस्तादांचे दैवत होते कौर सिंग. जानेवारी १९८० मध्ये दिल्लीत मुहम्मद अलीबरोबर प्रदर्शनीय लढत खेळलेला, १९८२ च्या आशियाई स्पर्धेत हेवीवेटचे सुवर्ण मिळवणारा फौजी. ‘‘अलीपुढे उभा राहिला. पळाला नाही,’’ एवढेच उस्ताद सांगायचे. त्यांच्या दृष्टीने त्यात सगळे आले.

खोलीत सामान बेताचे. ग्लोव्हजच्या दोन जोड्या, बारा पोरांत. आतला भराव मुठीच्या पुढून सरकून मनगटाकडे गोळा झालेला, त्यामुळे जिथे जाडी हवी तिथे नुसते चामडे. ग्लोव्हज एकाच्या हातून दुसऱ्याच्या हातात ओलेच जात. वास लेखकाला अजून आठवतो. पंचिंग बॅग गोणपाटाची. तिच्यात चिंध्या आणि वाया गेलेले सूत भरायचे, कारण भिवंडीत फुकट मिळणारी वस्तू तीच. महिनाभर मार खाल्ला की भराव खाली बसे. वरचा भाग पोकळ, खालचा दगड. डोक्याच्या उंचीला मारले तर हात आत जाई आणि बरगडीच्या उंचीला मारले तर बोटे झिणझिणत. मग एखाद्या सुट्टीच्या दिवशी बॅग उतरवायची, ओतायची, चिंध्या पिंजून पुन्हा भरायच्या आणि दांडक्याने ठोकायच्या. पोरांच्या हाताला वजन या ठोकण्याने आले की मारण्याने, यावर उस्ताद आणि लेखक यांचे कधी एकमत झाले नाही.

आणि पट्टी. आज पुतणी जी पट्टी बांधते ती ताणली जाते, शेवटाला चिकटणारा पट्टा असतो, दीड मिनिटात दोन्ही हात तयार. त्या खोलीत मागावरून उतरलेले कोरे कापड दोन इंच रुंद फाडून साडेचार मीटरची पट्टी करत. कोऱ्या कापडाला ताण नाही. एका टोकाला भोक पाडून त्यात अंगठा अडकवायचा. मग मनगटाला तीन वेढे, तळहाताच्या पाठीवरून तिरके, मुठीच्या हाडांवर तीन वेढे, बोटांच्या बेचक्यांतून एकेक फेरा आणि परत मनगटावर येऊन गाठ. आवळली तर बोटांना मुंग्या, सैल राहिली तर ग्लोव्हजमध्ये चुंबळ. उस्ताद मूठ वळायला लावत आणि हाडांवरून अंगठा फिरवत. कुठे सुरकुती लागली की काही न बोलता पूर्ण पट्टी सोडवून हातात देत. लेखक म्हणतो, पहिला महिना त्याने ठोसा मारला नाही, नुसती पट्टी बांधली आणि सोडली.

मे १९८४ मध्ये गाव दंगलीत पेटले. खोली कित्येक आठवडे बंद राहिली. निजामपुऱ्यातली, पद्मानगरातली, आसपासच्या आगरी पाड्यांतली पोरे पुन्हा जमली तेव्हा उस्तादांनी पहिल्या दिवशी कोणालाही कोणासमोर उभे केले नाही. सगळ्यांना रांगेत उभे करून तासभर दोरीउड्या मारायला लावल्या. लेखकाने यावर भाष्य केलेले नाही. फक्त त्या दिवशी किती जण आले आणि किती जण पुन्हा कधीच आले नाहीत, ते लिहिले आहे.

जुन्या काळाचे गोडवे गाताना डोक्याचा हिशोब विसरून चालत नाही. सतत मार खाल्लेल्या मुष्टियोद्ध्यांच्या मेंदूवर होणारा परिणाम अमेरिकन डॉक्टर हॅरिसन मार्टलँड यांनी १९२८ सालीच नोंदवला होता. नोव्हेंबर १९८२ मध्ये रे मॅन्सिनीशी लढताना कोसळलेला दक्षिण कोरियाचा किम डुक-कू चार दिवसांनी गेला आणि त्यानंतर किताबाच्या लढती १५ फेऱ्यांवरून १२ वर आल्या. हौशी खेळात १९८४ च्या ऑलिंपिकला हेडगार्ड आले. पुढे पुरुषांसाठी ते काढून टाकले आणि २०१६ ला रिओत पुरुष पुन्हा उघड्या डोक्याने लढले. हेडगार्डने जखमा कमी होतात, पण डोके आतून हलायचे थांबत नाही, आणि ते घातल्यावर मुले बिनधास्त डोके पुढे करतात, असा युक्तिवाद त्यामागे होता. उस्तादांच्या खोलीत हेडगार्ड एकही नव्हते. त्याऐवजी नियम होता: स्पारिंगमध्ये ज्याचा ठोसा डोक्यावर जोरात बसला त्याने शंभर बैठका मारायच्या. नियम कडक होता, पण पुरेसा नव्हता, हे लेखक मोकळेपणाने मान्य करतो. आज पुतणीच्या स्पर्धेआधी डॉक्टर तपासतो. त्या काळी उस्ताद डोळ्यांत पाहायचे, एवढीच तपासणी.

आकारमानाचा मुद्दाही वाचकाच्या मनात येईल. आजचे हेवीवेट राक्षसी, जुने त्यांच्यापुढे टिकले नसते, असे म्हणतात. पण १९१९ साली ८५ किलोंच्या जॅक डेम्प्सीने त्याच्यापेक्षा सुमारे २६ किलोंनी जड असलेल्या जेस विलर्डला पहिल्याच फेरीत सात वेळा खाली पाडले. मे २०२४ मध्ये ओलेक्सांडर उसिकने आपल्यापेक्षा बराच उंच आणि जड टायसन फ्युरीला गुणांवर हरवून हेवीवेटचे सगळे पट्टे एकत्र केले. दोन्ही वेळा हलका माणूस जिंकला, पण वाटा निराळ्या. डेम्प्सी खालून झोपाळ्यासारखा डुलत आत घुसला. उसिक बारा फेऱ्या बाजूला सरकत राहिला आणि त्याच्या सरावामागे हौशी रिंगणातली शेकडो लढतींची शाळा होती.

महाराष्ट्रात या खेळाचा मोठा आधार फौजच राहिली. सांगलीच्या पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर मुळात फौजेतले मुष्टियोद्धे. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून अपंगत्व आले, रिंग सुटली, आणि १९७२ ला हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये ५० मीटर पोहण्यात ३७.३३ सेकंदांची वेळ देऊन त्यांनी सुवर्ण मिळवले. त्यांना २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली. बहुतेकांनी त्यांचे नाव ऐकले ते त्यानंतर. १९८५ साली द्रोणाचार्य पुरस्कार पहिल्यांदा दिले गेले तेव्हा मुष्टियुद्धासाठी ओमप्रकाश भारद्वाज आणि कुस्तीसाठी आपले भालचंद्र भास्कर भागवत शेजारी शेजारी होते. पुण्यात २००१ पासून आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूट चालते.

पण गेल्या काही वर्षांत चित्र पालटले ते मुलींनी. नागपूरच्या अल्फिया पठाणने २०२१ मध्ये पोलंडच्या किएल्त्से येथे युवा विश्वविजेतेपद मिळवले, आणि पुण्याच्या देविका घोरपडेने २०२२ मध्ये स्पेनच्या ला नुसिया येथे. उस्तादांच्या खोलीत मुलगी येण्याचा प्रश्नच नव्हता. ऑलिंपिकमध्येही महिलांचे मुष्टियुद्ध २०१२ साली आले. लेखकाच्या भावाने मुलीला हॉलमध्ये पाठवले तेव्हा घरात बराच खल झाला, आणि अल्फिया-देविकाची नावे तिथे कामी आली.

हे सगळे वाचून शेवटी तराजू कुठे झुकतो? पायांचे काम, तंदुरुस्ती, अंतराची जाण आणि समोरच्याचा अभ्यास यांत आजची मुले पुढे आहेत. पुतणीने आपल्या प्रत्येक लढतीचे चित्रण पाहिले आहे. लेखकाने स्वतःला लढताना कधीच पाहिले नाही. जवळून लढणे, शरीरावर मारणे, हुलकावणी देणे आणि दमलेल्या अंगाने डोके शाबूत ठेवणे यांत जुने लोक सरस होते. बटणांच्या वीस वर्षांत यांतले बरेच शिकवणारे हातच संपले. गुणपद्धत बदलली आहे, भाव परत आला आहे, पण शिकवणार कोण? लेखकाला हे लिहावेसे वाटले त्याचे कारण हा प्रश्न आहे. म्हणूनच बरगडीचा हूक, खांद्याची ढकल आणि कोपराआडचा अपरकट यांच्यावरची तीन प्रकरणे त्याने इतक्या बारकाईने लिहिली आहेत की ती हॉलच्या बाकावर ठेवून वाचावीत.

काही ठिकाणी त्याच्याशी मतभेद होईल. बटणांच्या काळावर तो जरा जास्तच कडवट आहे. विजेंदर आणि मेरी यांनी त्याच काळात देशाला या खेळाकडे वळवले, हे श्रेय तो हातचे राखून देतो. उस्तादांविषयी लिहिताना त्याचा हात थोडा सैल सुटतो. पण ज्या गोष्टी त्याने स्वतः पाहिल्या, त्यांच्याबाबत तो अचूक आहे.

पत्र्याची खोली आता नाही. तिथे मालाचे गोदाम आहे. शेजारचे माग अजून चालतात.

वाचकांना एकच सुचवायचे आहे. दुसरे प्रकरण पट्टीचे आहे. त्यात आकृत्या आहेत, पण नुसत्या पाहून कळणार नाही. घरात जुने सुती धोतर किंवा साडी असेल तर दोन इंच रुंद, साडेचार मीटर लांब पट्टी फाडून जवळ ठेवा, एका टोकाला अंगठ्यापुरते भोक पाडा आणि प्रत्येक वेढा वाचता वाचता घाला. लेखकाने डाव्या हातापासून सुरुवात केली आहे.